वाद घाला हो कुणीतरी!

महाराष्ट्रात आरोग्य खात्यात नोकरी केलेल्या माणसाला एक सवय जडते. आपण तोंड उघडलं की समोरचा वाद घालणार, हे तो धरूनच चालतो. "पाणी उकळून प्या" म्हटलं की "आमचे आजोबा ओढ्याचं पाणी पिऊन नव्वद वर्षं जगले" हे उत्तर ठरलेलं. "हात धुवा" म्हटलं की "कुठल्या पाण्यानं? तुमचा टँकर आलाय व्हय?" सांगली जिल्ह्यात माझी उभी नोकरी या उत्तरांना प्रत्युत्तरं देण्यात गेली. हागणदारीमुक्तीच्या दिवसांत मी 'गुड मॉर्निंग पथका'त होते. म्हणजे पहाटे अंधारात गावाबाहेरच्या रस्त्यावर शिट्टी घेऊन उभं राहायचं आणि टमरेल घेऊन येणाऱ्याला गुलाबाचं फूल द्यायचं. एका गृहस्थांनी फूल घेतलं, कानावर खोचलं आणि हातातलं टमरेल जराही न डुचमळू देता शौचालयाच्या अनुदानाचा दुसरा हप्ता, ग्रामसेवकाची बदली आणि आमच्या सरकारी जीपचं डिझेल या तीन विषयांवर उजाडेपर्यंत भाषण केलं. तेव्हा मी वैतागले होते. पुढं मलावीत त्या गृहस्थांची इतक्यांदा आठवण आली की पत्ता असता तर पत्र टाकलं असतं.

निवृत्तीनंतर लोक अष्टविनायक करतात. मी एका स्वयंसेवी संस्थेमार्फत मलावीला गेले. टांझानिया, झांबिया आणि मोझांबिक यांच्या मध्ये दामटून बसवल्यासारखा हा लांबोडका देश. त्याचा पाचवा हिस्सा तर नुसता तलावच आहे. 1964 साली स्वतंत्र होईपर्यंत त्याचं नाव न्यासालँड होतं. "आफ्रिकेत काय, नुसतं उकडत असणार," असं म्हणून जावांनी बॅगेत सुती साड्या कोंबल्या. मला गाव मिळालं ते डेड्झा जिल्ह्यात, डोंगरावर. जूनच्या रात्री तिथं स्वेटर, त्यावर शाल आणि शालीवर त्या सगळ्या सुती साड्या, अशी माझी झोपण्याची व्यवस्था होती.

गावाच्या फाट्यावर पाट्यांची रांग होती. पाणी प्रकल्प, पोषण प्रकल्प, सुधारित चूल प्रकल्प, बकरी प्रकल्प. काही पाट्यांवरची नावं गंजून गेली होती, काहींचे नुसते खांबच शिल्लक होते. एका खांबाला बकरी बांधलेली होती. त्या बकरी प्रकल्पाची आता तेवढीच खूण उरली असावी. मी पाट्या वाचत होते, तेव्हा माझ्यासोबतचा तरुण हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट मंद हसत होता. या लोकांना तिथं एच.एस.ए. म्हणतात. सरकारी हिशेबानं हजार माणसांमागं एक. प्रत्यक्षात याच्या वाट्याला कितीतरी जास्त माणसं आणि एक सायकल आलेली. लसीकरण, वजनं, हिवतापाच्या चाचण्या, संडासांची मोजणी, सगळं तोच करायचा. आपल्या आशाताई आणि एम.पी.डब्ल्यू. म्हणजे बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी एकत्र करून सायकलवर बसवले की तो तयार होतो.

पहिली सभा आंब्याच्या झाडाखाली झाली. बायका चटयांवर, पुरुष लांब विटांच्या ढिगावर. मी हात धुण्याबद्दल बोलले. एच.एस.ए. भाषांतर करत होता. बोलणं संपल्यावर सगळ्यांनी तळहात जोडून हळुवार टाळ्या वाजवल्या आणि एका सुरात म्हणाले, "झिकोमो!" म्हणजे आभार. मी विचारलं, "काही शंका?" नाही. "काही अडचण?" नाही. "हात धुवायला जमेल ना?" हो आई, जमेल आई. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. अख्ख्या नोकरीत एवढी गुणी सभा मी पाहिली नव्हती. सांगलीत एवढ्यात कुणीतरी उठून निदान माईकबद्दल तरी तक्रार केली असती.

मग आम्ही घरोघर हात धुण्याचा नळ बसवायला सुचवलं. त्याला 'टिपी टॅप' म्हणतात. दोन खुंट्यांवर आडवी काठी, तिला भोक पाडलेला प्लास्टिकचा कॅन, कॅनच्या तोंडाला दोरी आणि दोरीच्या खाली पायानं दाबायची काठी. पाय दाबला की कॅन कलतो आणि पाण्याची धार लागते. हाताचा स्पर्शच नको. शेजारी दोरीला साबण टांगायचा. तपासणी जाहीर झाली आणि बघता बघता प्रत्येक संडासाशेजारी नळ उभा राहिला. संस्थेच्या साहेबांनी फोटो काढले. साहेबांची गाडी वळणाआड गेली आणि निम्मे कॅन पुन्हा खाद्यतेल आणायला बाजारात गेले. साबण तर एकाही नळाला नव्हता. तो घरात फडक्यात गुंडाळलेला. पाहुणा आला की काढायचा, त्याचे हात धुऊन झाले की परत फडक्यात. साबणाची वडी म्हणजे तिथं रोजच्या मजुरीतला लचका. ती बाहेर दोरीवर टांगणं म्हणजे अंगणात नोटा वाळत घालणं.

पण हे मला कुणी सांगितलं नाही. सांगलीत पहिल्याच मिनिटाला ऐकवलं असतं. इथं मी साबणाचं बोलले की हो आई, आणि घरी गेले की साबण फडक्यात. शेवटी मीच राखेचं काढलं. माझ्या आजीनं आयुष्यभर भांडी आणि हात राखेनंच घासले होते. राखेवर मात्र टाळ्या जरा मोठ्या वाजल्या. त्या वाढलेल्या टाळ्या म्हणजेच तिथला अभिप्राय, हे मला एच.एस.ए.नं नंतर समजावलं. "आई, पाहुण्याला आम्ही तोंडावर नाही म्हणत नाही," तो म्हणाला. मग फाट्याच्या दिशेनं हात करून म्हणाला, "आणि पाहुणे काही तुम्ही एकट्याच नाही."

त्या पाट्यांच्या रांगेतून गावानं जे शिक्षण घेतलं होतं ते कुठल्या विद्यापीठात मिळणार नाही. सल्लागार येतो. सल्लागाराला लवकर हो म्हटलं की सभा लवकर संपते, फँटा लवकर मिळतो आणि माणूस मका खुरपायला मोकळा होतो. फँटाशिवायच्या सभेला सभा मानत नाहीत, बसणं म्हणतात. दोन्हींना माणसं येतात, पण बसण्याला नुसती बायका आणि म्हातारी.

मी भारतीय आहे हे कळल्यावर पहिला प्रश्न यायचा तो "तुमचं दुकान कुठं आहे?" मलावीतला भारतीय म्हणजे पिढ्यान् पिढ्या दुकानदार. त्यातही बहुतेक गुजराती. 1970 च्या दशकात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्ज बांदा यांच्या सरकारनं त्यांना खेड्यापाड्यांतली दुकानं सोडून मोजक्या शहरांत जायला लावलं. त्यामुळं माझ्या गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत एक-एक भारतीय दुकानदार होता, पण तरुणांनी गावात भारतीय माणूस पाहिलेला नव्हता. एक आजोबा मुद्दाम काठी टेकत आले. बराच वेळ माझ्याकडं बघत बसले. प्रकृतीची चौकशी झाली, पावसाची झाली, माझ्या घरच्यांची झाली. मग म्हणाले, "तुमचा माणूस दुकान बंद करून गेला, तेव्हा माझे पाच तांबाला परत द्यायचे राहिले." तांबाला म्हणजे तिथल्या क्वाचाचा पैसा. शंभर तांबालांचा एक क्वाचा. क्वाचाची आजची किंमत बघता त्या पाच तांबालांत मोहरीचा एक दाणासुद्धा येणार नाही. पण मीही महाराष्ट्रातली. मी विचारलं, "पावती आहे?" आजोबा इतके खूश झाले की काय सांगू. "तोसुद्धा हेच विचारायचा!" म्हणाले. तेव्हापासून मी कुठल्या जातीची माणूस आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका राहिली नाही.

दुसरा पेच नातेवाईकांचा. चेवा लोकांत वंश आईकडून चालतो. लग्न झालं की नवरा बायकोच्या गावाला राहायला येतो. आपल्याकडं घरजावई म्हटलं की लोक तोंडावर पदर घेऊन हसतात. इथं अख्खं गाव घरजावयांचं. सभेत पुरुष लांब विटांवर का बसतात, याचा मग उलगडा झाला. बिचारे सासरी होते. गावाची मुखियासुद्धा बाईच. आणि पोरांच्या बाबतीतला शेवटचा शब्द बापाचा नाही, तर मामाचा. कुटुंब नियोजनाच्या तक्त्यावर नवरा, बायको आणि दोन मुलं असं चित्र होतं. बायकांनी ते चित्र उलटंपालटं करून पाहिलं आणि एकीनं विचारलं, "मामा कुठंय?"

मग त्यांनी माझी चौकशी सुरू केली. मी लग्न करून नवऱ्याच्या गावी गेले, हे ऐकून चटयांवर शांतता पसरली. "का?" कुणीतरी हळूच विचारलं. "तुमच्या आईचं घर पडलं होतं का?" यावर काय उत्तर द्यायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. सुचलं असतं तर पस्तिशीतच सासूबाईंना दिलं असतं.

कामाचा खरा थाट असायचा तो पाच वर्षांखालच्या मुलांच्या दवाखान्याच्या दिवशी. दवाखाना म्हणजे तेच आंब्याचं झाड. फांदीला स्प्रिंगचा काटा टांगायचा, काट्याला कापडी चड्डी, चड्डीत बाळ. बाळ चड्डीत बसेपर्यंत गप्प असायचं. मग ते वर बघायचं, तिथं माझा गोरटेला, चष्म्याचा, कुंकू लावलेला चेहरा दिसायचा, आणि झाडावरचे पक्षी उडायचे. काट्याचा बाण मग इतका थरथरायचा की वजन अंदाजानंच लिहावं लागायचं. दरम्यान आया रांगेत उभ्या राहून गाणी म्हणायच्या. मच्छरदाणीचं गाणं, अंगावरच्या दुधाचं गाणं, जुलाबाचं गाणं. जुलाबाच्या गाण्याला ठेका फार छान होता. प्रत्येकीच्या कमरेच्या गाठीत प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली 'हेल्थ पासपोर्ट' नावाची वही. त्यात बाळाचा सगळा इतिहास. आपल्याकडं केसपेपर दवाखान्याचा, म्हणून दवाखान्यातच हरवतो. इथं वही रुग्णाची, म्हणून घराला आग लागली तर बाई बाळाबरोबर आधी वही बाहेर काढेल.

एकदा शीतपेटीतून निघालेल्या गोवरच्या लसीच्या बाटलीवर मला बारीक अक्षरात 'पुणे' दिसलं आणि त्याआधी 'हडपसर'. डेड्झाच्या डोंगरात आंब्याच्या झाडाखाली हडपसर! मी भावनेच्या भरात सांगून टाकलं की ही लस माझ्या नणंदेच्या घराजवळ बनते. एच.एस.ए.नं भाषांतर केलं. चटयांवर आनंद पसरला. नातं म्हटलं की ही माणसं जागी होतात. तेव्हापासून ती 'नणंदेची लस' झाली. बाळ टोचल्यावर किंचाळलं की आई माझ्याकडं बघून म्हणायची, "नणंद जरा कडक दिसते." मी मान डोलवायची. ते तर खरंच होतं.

जेवणाचं म्हणाल, तर मक्याच्या पिठाची न्सिमा मला पहिल्या घासापासून आवडली. आपल्या उकडीची पांढरी, घट्ट, गंभीर बहीण. हातानं खायची, जेवणाआधी यजमान तांब्यानं हातावर पाणी घालणार, भोपळ्याच्या पानांची शेंगदाणाकूट घातलेली भाजी. मला परकं वाटावं असं त्यात काही नव्हतंच. अडचण निराळीच होती. मलावीत पोषणाचे सहा गट शिकवतात आणि त्यातला एक प्राणिजन्य पदार्थांचा. मी तक्ता धरून मासे, अंडी, मांस यांचं महत्त्व सांगायचे आणि स्वतः मात्र शाकाहारी. गावानं हे ताडलं. धर्म, व्रत, आवड यातलं काहीच त्यांना पटलं नाही. त्यांनी आपसांत एकच निष्कर्ष काढला: बाईला परवडत नाही.

मग माझ्या दारात गोष्टी येऊ लागल्या. दारावर टकटक करायची पद्धत नाही, बाहेरून "ओडी!" म्हणायचं. पहिल्या पावसानंतर "ओडी!" आली ती दिव्याभोवती गोळा होणारी पंखवाली वाळवी घेऊन. भाजून मीठ लावलेली. मक्याची कापणी झाल्यावर "ओडी!" आली ती उंदीर घेऊन. शेतातले उंदीर, उकडून, खारवून, केसांसकट वाळवलेले, दोन काड्यांच्या चिमट्यात ओळीनं अडकवलेले. हमरस्त्यावर पोरं हे चिमटे हातात धरून गाड्यांना दाखवत उभी असतात. घेऊन आलेली बाई दमेकरी होती आणि तिनं ते उंदीर स्वतःच्या पोरांच्या ताटातून काढून आणलेले, हे दिसतच होतं. तिला "मी खात नाही" कसं म्हणणार? मी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. झिकोमो म्हटलं. "रात्री खाईन" म्हटलं. ती गेल्यावर चिमटा शेजारच्या घरी पोचता केला. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "आवडले?" "फार," मी म्हटलं. ती हसली, मी हसले. तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, शेजारच्या पोरांना तर चांगलंच ठाऊक होतं. हात धुण्याच्या सभेत माझ्याशी गाव नेमकं काय करत होतं, ते मला त्या दिवशी आतून कळलं.

पावसाळ्यात मला ताप आला. मी म्हटलं, साधी सर्दी आहे. कुणी वाद घातला नाही. नुसते येऊन बसले. ओसरीवर बायका, पायरीवर पोरं, लांब विटांवर घरजावई. "चाचणी करून घ्या" असंही कुणी म्हणालं नाही. बसून राहिले. दुपारपर्यंत मी शरण आले. एच.एस.ए.नं बोटाला सुई टोचून पट्टीवर थेंब घेतला. हिवतापच निघाला. गोळ्या आल्या, सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस, पोटात अन्न असताना. मग मुखियाबाईंनी माझ्याच आवाजात, माझ्याच हातवाऱ्यांसकट मला समजावलं की बरं वाटलं तरी गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत. मी हे त्यांना सभेत सांगितलं होतं. त्यांनी शब्दन् शब्द लक्षात ठेवला होता. मी जिथं घसा खाकरले होते, तिथं त्याही खाकरल्या. पोरं हसून लोळली. नाइलाजानं मीही "हो आई" म्हटलं.

क्लोरीनचा प्रसंग त्यानंतरचा. 2022 आणि 2023 मध्ये मलावीत पटकीची अशी साथ आली की सतराशेहून जास्त माणसं दगावली. देशाच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी साथ. तेव्हापासून पाण्यात क्लोरीन टाकण्यावर सगळ्यांचा भर. वीस लिटरच्या बादलीत ठरलेलं माप टाकायचं, ढवळायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं. हापशाजवळ सभा भरली. मी बोलले. टाळ्या वाजल्या. "काही शंका?" मी सवयीनं विचारलं आणि कागद आवरायला लागले.

"आहे," कुणीतरी म्हणालं.

चटईच्या टोकाला एक आजी बसल्या होत्या. वय किती ते त्यांनाही सांगता येत नसे. मी साठीची, पण त्या मला पोरगीच म्हणायच्या. एच.एस.ए. घाबरला. त्यानं भाषांतर करावं की करू नये, असा त्याचा चेहरा झाला.

"पोरी, त्या पाण्याला वास येतो," आजी म्हणाल्या. "चहा बिघडतो. तू पितेस का?"

"मी उकळून पिते," मी म्हटलं.

"लाकूड कोण आणतं?"

लाकूड त्यांचीच नात आणायची. डोंगर चढून, डोक्यावरून. हे सगळ्यांना ठाऊक होतं. सभेत खसखस पिकली.

"माझी आई याच ओढ्याचं पाणी प्यायची," आजींनी पुढं रेटलं, "आणि मी म्हातारी होईस्तोवर जगली."

मला त्या क्षणी जे वाटलं ते वाटायला माणसाला निदान तीस वर्षं जिल्हा परिषदेत काढावी लागतात. मी कागद खाली ठेवले, पदर खोचला आणि म्हटलं, "आजी, तुमच्या आईला किती भावंडं होती? आणि त्यातली जगली किती?" आजी म्हणाल्या, तो विषय वेगळा. मी म्हटलं, तोच विषय आहे. आजी उठून उभ्या राहिल्या. त्या उठल्या तशा शेजारच्या बाईला आठवलं की साथीत तिच्या बहिणीच्या घरी क्लोरीन होतं आणि तिथं कुणाला काही झालं नाही. दुसरी म्हणाली, झालं नाही कारण ते घरात नव्हतेच, मोझांबिकला गेले होते. विटांवरून एक घरजावई काहीतरी बोलला आणि त्याला तिघींनी एकदम गप्प केलं. मुखियाबाई हसत होत्या. भाषांतर कधीच मागं पडलं होतं. आजी चिचेवात बोलत होत्या, मी मराठीत, आणि मुद्दे नीट एकमेकींना लागत होते. तोड निघाली ती अशी: प्यायच्या मडक्यात क्लोरीन, चहाच्या आणि न्सिमाच्या पाण्यात नाही, कारण ते तसंही उकळतं. पण पोरांनी शाळेतून येऊन थेट हापशाला तोंड लावलं तर क्लोरीनचा नियम मोडला असं धरायचं नाही. शेवटची अट आजींची. मी म्हटलं, ही अट मला मान्य नाही. त्या म्हणाल्या, मग उद्या परत ये.

एच.एस.ए. सायकलच्या सीटवर अहवालाचा फॉर्म ठेवून बसला होता. उपस्थिती, विषय, वापरलेलं साहित्य, निष्कर्ष, असे रकाने. भांडणासाठी रकाना नव्हता. त्यानं जरा विचार केला, 'सर्वांनी सूचना मान्य केल्या' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं. मी सही करत होते तरी आजी मागून मोठ्यानं काहीतरी सांगत होत्या. "काय म्हणतात?" मी विचारलं. "काही नाही," तो म्हणाला, "उद्या येताना फँटा आणा म्हणतात. त्यांना वाटतं वेळ लागेल."